कॅसलच्या रांगेतून बाहेर या: सहल कमिटीला खुलं पत्र

सहल कमिटीतल्या समस्त ताई, दादा आणि वहिनींनो,

नमस्कार. हे खरं तर ग्रुपवरच लिहिणार होतो, पण तिथे चार ओळींच्या वर काही टाकलं की लोक अंगठा दाखवून पुढे जातात आणि मधेच कुणीतरी गुलाबाचा फोटो टाकून सुप्रभात म्हणतं, त्यामुळे म्हटलं एकदाच नीट पत्र लिहू, ज्याला वाचायचं तो वाचेल.

विषय आपल्या ग्लासगोच्या मराठी ग्रुपची एडिनबर्गची सहल. तुमचा प्लॅन पाहिला. सकाळी कॅसल, म्हणजे तिथला किल्ला, तिकीट काढून आत, एक वाजताची तोफ, मग कॅसलपासून उतरणाऱ्या रॉयल माइल रस्त्यावर शॉर्टब्रेड आणि मफलर खरेदी, मग जेवण, मग घरी. म्हणजे गेल्या वर्षीचाच प्लॅन, तारीख फक्त बदललीये. राग मानू नका, कॅसल भारीच आहे, पण पाहुणे आले की कॅसल, सासूबाई आल्या की कॅसल, मेहुणा आला की कॅसल, असं करून करून मी आत्तापर्यंत सात वेळा तिथल्या रांगेत उभा राहिलोय आणि आता तिथल्या कबुतरांशी माझी ओळख झालीये.

माझं म्हणणं एवढंच की ह्या वेळी आपण कॅसलवरून खाली उतरू आणि त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला होलीरूड राजवाड्याशी जी छोटीशी औषधी बाग आहे तिथे जाऊ. तिकीट नाही. आणि त्या बागेची गोष्ट थेट आपल्या दापोडीपर्यंत येते. हो, पुणे-लोणावळा लोकलमधलं दापोडी. थांबा, सांगतो सगळं.

मला स्वतःला ती बाग सापडली ती बाबांमुळे. गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. बाबा ७४ वर्षांचे, गुडघे कुरकुरतात, कॅसलच्या चढावर निम्म्यात म्हणाले की तुम्ही बघून या, मी दगडच बघायचे तर सिंहगडावर बघेन. मग त्यांना घेऊन मी हळूहळू उताराने खाली आलो, राजवाड्यापाशी बसायला जागा शोधत होतो आणि बाबा एकदम एका वाफ्यापाशी वाकले, पान चुरगळून नाकाला लावलं आणि म्हणाले "शेपू!" मी म्हटलं बाबा इथे कुठला शेपू. पाटी वाचली तर ती बडीशेप होती. फार काही चुकले नव्हते, पान तसंच बारीक असतं. पण त्यानंतर तो माणूस तासभर तिथून हलला नाही, प्रत्येक वाफ्यापाशी जाऊन हे कशाचं, ते कशाला, आणि मला काही म्हणजे काही सांगता येईना. आठ वर्षं ह्या देशात राहून मला लॅव्हेंडर सोडलं तर एक झाड ओळखता येत नाही ही माझी लायकी. (पानं चुरगळायची नसतात हे नंतर कळलं, कृपया सहलीत कुणी करू नका.)

तर त्या दिवशी घरी येऊन वाचायला बसलो आणि मग जे वाचलं ते असं.

आत्ता जी बाग दिसते ती नवी आहे, २०२० साली लोकांसाठी उघडलेली. पण ती उभी केलीये १६७० च्या बागेच्या आठवणीत. १६७० म्हणजे आपल्याकडे सिंहगड परत घेतला ते साल. इकडे एडिनबर्गमध्ये त्याच वर्षी दोन डॉक्टर एकत्र आले, अँड्र्यू बाल्फर आणि रॉबर्ट सिबॉल्ड. दोघंही युरोपात शिकून आलेले, तिकडच्या विद्यापीठांच्या औषधी बागा पाहिलेल्या, आणि परत गावी येऊन बघतात तर इथे काहीच नाही. तेव्हाचं औषध म्हणजे झाडपालाच. पण डॉक्टर चिठ्ठी लिहिणार, दुकानदार कुठलीतरी सुकलेली काडी देणार, ती तीच आहे की तिच्यासारखी दिसणारी दुसरीच आहे हे ओळखणार कोण? आपल्याकडे रविवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानात गेलं की काऊंटरवरचा माणूस जे पुडीत बांधून देईल ते आपण निमूट घेऊन येतो ना, अगदी तसंच, फरक एवढाच की इथे डॉक्टरालाही कळत नव्हतं. झाड जिवंत बघितल्याशिवाय ओळख पटत नाही, म्हणून बाग.

आणि बाग केवढी? सिबॉल्डने स्वतःच लिहून ठेवलंय, साधारण ४० फूट लांब, ४० फूट रुंद. म्हणजे १६०० स्क्वेअर फूट, पुण्यात थ्री बीएचकेची जाहिरात येते तेवढी. राजवाड्याच्या आवारात सेंट ॲन्स यार्ड म्हणून भाग होता तिथला एक तुकडा. तेवढ्या जागेत ह्यांनी आठ-नऊशे प्रकारची झाडं लावली! माझ्या बाल्कनीत कढीपत्ता एक जगत नाही.

ही झाडं आणली कुठून, ते मला सगळ्यात जास्त आवडलं. एडिनबर्गच्या पश्चिमेला लिव्हिंग्स्टन म्हणून गाव आहे, आपल्यापैकी निम्मे जण तिथे आउटलेट मॉलला जातात. तिथल्या गढीचा मालक होता पॅट्रिक मरे. ह्या जहागीरदार माणसाला झाडांचं वेड, त्याने आपल्या गढीभोवती हजारेक जातींची झाडं जमवलेली. बाल्फर आणि सिबॉल्ड त्याचे मित्र, येणं-जाणं होतं, तिथूनच ह्यांना बागेची चटक लागली. पुढे हा मरे झाडं बघायला म्हणून युरोपच्या प्रवासाला निघाला आणि फ्रान्समध्ये ॲव्हिन्यॉनला ताप येऊन वारला. मागे त्याची बाग पोरकी. मग त्याची झाडं एडिनबर्गला आली. म्हणजे होलीरूडच्या बागेचं मूळ बियाणं एका गढीच्या परसातलं आहे, आणि त्या गढीचा माणूस परत आलाच नाही.

आता भांडण. मराठी माणसाला भांडणाशिवाय इतिहास गोड लागत नाही आणि इथे ते आहे. शहरातल्या शल्यचिकित्सक आणि औषधविक्रेत्यांच्या संघटनेला ही बाग डोळ्यात खुपायला लागली. झाडांशी त्यांचं काही वैर नव्हतं, त्यांना भीती ही की आज हे डॉक्टर लोक बाग काढतायत, उद्या स्वतःचं कॉलेज काढतील आणि आमच्यावर हुकूम गाजवतील. भीती खरी ठरली. १६८१ साली सिबॉल्डने पुढाकार घेऊन रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स काढलंच. मला वाटतं एखाद्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी गार्डनचा विषय काढला की लोक जो संशय घेतात तो उगाच नसतो.

बाग सांभाळायला ठेवला जेम्स सदरलँड नावाचा तरुण. ह्याच्याकडे कुठली पदवी नाही, आपल्याआपण झाडं शिकलेला, आणि दुसरा नाद जुनी नाणी आणि पदकं जमवायचा. माझ्यासाठी ह्या सगळ्या गोष्टीचा हिरो हाच आहे. बाल्फर-सिबॉल्डचे फोटो, म्हणजे चित्रं, भिंतींवर आहेत, पण चिखलात हात कुणाचे होते तर ह्याचे. थोड्याच वर्षांत ४० फूट कमी पडायला लागले म्हणून शहराकडून ट्रिनिटी हॉस्पिटलजवळची आणखी मोठी जागा भाड्याने घेतली, ती १६७० च्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. आणि १६८३ साली सदरलँडने बागेतल्या झाडांची यादीच छापली, लॅटिन नावाची, 'होर्टस मेडिकस एडिनबर्गेन्सिस'. त्या यादीत बटाट्याचंही नाव आहे. औषधी बागेत बटाटा, वडापाववाल्यांनी नोंद घ्यावी.

ती ट्रिनिटीची जागा कुठे होती माहितीये? आत्ताचं वेव्हर्ली स्टेशन. खोटं नाही सांगत, प्लॅटफॉर्म ११ जवळ तशी पाटी लावलीये. आपण ग्लासगोहून आलो की डब्यांच्या पिशव्या सावरत जिथून धावत सुटतो तिथे कधीकाळी विद्यार्थी उभे राहून पानं ओळखायला शिकत होते. सहलीत तुम्ही स्टेशनवर "सगळे आले का, सगळे आले का" करत पंधरा मिनिटं घालवणारच आहात, तर ती पाटीपाशी घालवा.

आता कॅसलप्रेमींसाठी कॅसलचा भाग. कॅसलच्या पायथ्याशी आज जी प्रिन्सेस स्ट्रीटची बाग आहे ना, जिथे आपण हिरवळीवर पथारी पसरून बसतो, तिथे तेव्हा तलाव होता, नॉर लॉक. आणि गावाची सगळी घाण त्या तलावात. १६८९ साली कॅसलला वेढा पडला. आत ड्यूक ऑफ गॉर्डन, तो पदच्युत राजा जेम्सच्या बाजूचा, दार उघडायला तयार नाही. बाहेरच्यांनी वेढ्याच्या भानगडीत तलावाचं पाणी सोडून दिलं. पाणी उताराने पूर्वेकडे निघालं आणि पूर्वेला काय, तर सदरलँडची बाग! कित्येक दिवस बाग पाण्याखाली, आणि पाणी ओसरलं तेव्हा वर गावभरच्या घाणीचा आणि चिखलाचा थर. पानशेतच्या पुरानंतरच्या गोष्टी आपण आजी-आजोबांकडून ऐकल्यात, ओसरल्यावरचा तो चिखल, तेच डोळ्यासमोर आलं. बरीच झाडं गेली. हा माणूस तो अख्खा हंगाम नुसता चिखल उपसत होता.

कॅसल फिरताना कुणी गाईड हे सांगत नाही. तोफा किती पौंडाच्या ते सांगतात. म्हणून म्हणतो की तटावरून खाली बघताना निदान हे माहिती असू दे की ह्या किल्ल्याच्या वेढ्यात बुडाली ती एक औषधाची बाग.

सदरलँडने परत उभी केली बाग. पुढे राजवाड्याकडची राजाची बागही त्याच्याकडे आली आणि १६९९ मध्ये त्याला राजाचा वनस्पतिशास्त्रज्ञ असा किताबही मिळाला. बरं वाटलं वाचून.

मधलं सगळं सांगत बसत नाही. जॉन होप म्हणून एक प्राध्यापक आला, त्याने १७६३ मध्ये जुन्या दोन्ही बागा आवरून लीथ वॉकवर पाच एकरांची नवी बाग केली, स्टेशनच्या जागी तेव्हा गावाचा धूर आणि गर्दी फार झाली होती. ह्या होपची ख्याती कशासाठी, तर रेवंदचिनी. हो तीच, आजीच्या बटव्यातली, पोट साफ करायची. तेव्हा खरी रेवंदचिनी पूर्वेकडून रशियामार्गे यायची आणि भाव असा की विचारू नका, तर रशियाच्या दरबारात डॉक्टर असलेल्या एका स्कॉटिश माणसाने बी आणलं आणि होपने ते इथे वाढवून दाखवलं. लोकांचा आनंद समजू शकतो. मग १८२० पासून दोन-तीन वर्षांत तीच बाग इन्व्हरलीथला हलवली, मोठमोठी झाडं मुळांसकट यंत्राच्या गाडीवर उभी नेली, आणि आज आपण ज्याला 'बोटॅनिक्स' म्हणतो, मुलं जिथे खारींच्या मागे पळतात, ती ही बाग. म्हणजे राजवाड्यामागच्या थ्री बीएचकेपासून सुरू झालेला संसार चार घरं बदलत तिथे गेला. ऑक्सफर्डची तेवढी हिच्याहून जुनी आहे ब्रिटनमध्ये.

आता दापोडी.

होपच्या वेळेपासून एडिनबर्गला डॉक्टरकी शिकायची म्हणजे वनस्पतिशास्त्र शिकायचंच, आणि शिकून पोरं जाणार कुठे तर ईस्ट इंडिया कंपनीत. होपचा विद्यार्थी विल्यम रॉक्सबर्ग कलकत्त्याच्या बागेचा प्रमुख झाला हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. पण आपला माणूस वेगळा. अलेक्झांडर गिब्सन. जन्म १८००, इथूनच डॉक्टर होऊन १८२५ मध्ये कंपनीच्या नोकरीत मुंबई इलाख्यात आला, मराठी शिकला, आणि १८३८ पासून दापुरीच्या सरकारी बागेचा सुपरिंटेंडंट होता. दापुरी म्हणजे इंग्रजांच्या तोंडातली दापोडी. तिथे गव्हर्नर माल्कमने (हाही स्कॉटिशच) १८२८ मध्ये कॅप्टन फोर्डचा बंगला विकत घेऊन शेजारी बाग काढलेली. गिब्सनकडे दुसरी बाग होती जुन्नरजवळ हिवऱ्याला. म्हणजे शिवनेरीच्या मुलखात! ह्या दोन बागांतून मुंबईच्या सरकारी औषधभांडाराला माल जायचा: सोनामुखी, खुरासानी ओव्याचा अर्क वगैरे. खुरासानी ओवा म्हणजे इंग्रजीत हेनबेन, युरोपातल्या जुन्या औषधी बागांतलं नेहमीचं आणि जरा खतरनाक झाड. विलायतेहून बाटल्या मागवण्यापेक्षा इथेच पिकवा असा हिशेब होता, उपकार नव्हते ते, सैन्य आजारी पडायचं. पुढे १८४७ ला गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला जंगल संरक्षक झाला आणि कोकणात डोंगर बोडके केले की ओढे आटतात असं सरकारला लिहून कळवत बसला. तेव्हाही कुणी फारसं ऐकलं नसणार.

मी हे बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. बाबांची सगळी नोकरी दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये गेली, ३३ वर्षं. ते गप्पच झाले थोडा वेळ, मग म्हणाले, "बाग? दापोडीला? अरे आमच्याकडे एक चाफा होता गेटाशी." आणि मग आईला हाक मारून तिलाही परत सगळं सांगायला लावलं.

खरी गोष्ट पुढे आहे. गिब्सनने दापुरीच्या बागेतल्या झाडांची चित्रं काढून घेतली होती, १८४७ ते १८५० च्या आसपास. दीडशेहून जास्त चित्रं. ती कुठे आहेत आज? इथे. एडिनबर्गच्या बोटॅनिक्सच्या संग्रहात. त्याच बागेच्या, जिचं मूळ होलीरूडच्या ४० फुटांत आहे. तिथल्याच हेन्री नोल्टी ह्या अभ्यासकाने २००२ मध्ये त्यांवर पुस्तक केलं म्हणून आपल्याला कळतं. आणि चित्रकार? त्याचा उल्लेख फक्त 'पोर्तुगीज' असा, म्हणजे इकडच्या भाषेत गोव्या-वसईकडचा ख्रिश्चन माणूस. नाव नाही. गव्हर्नरचं नाव आहे, कॅप्टनचं आहे, सुपरिंटेंडंटचं आहे, ज्याच्या बोटांतून प्रत्येक पानाची शीर उतरली त्याचं नाही. सदरलँड निदान माळ्याचा राजाचा शास्त्रज्ञ झाला, ह्या आपल्या माणसाला साधी सही करायला कुणी सांगितलं नाही. मला ह्याचा त्रास होतो, उगाच होतो असं बायको म्हणते, पण होतो.

तर कमिटीकडे मागणं असं आहे.

एक तर रस्ता उलटा करा. कॅसलच्या समोरच्या पटांगणात सगळे जमू, तिकीट न काढता, तिथून तलावाची जागा दाखवतो. मग वेव्हर्लीची पाटी. मग कॅननगेटने (रॉयल माइलचाच खालचा भाग) चालत होलीरूड, वाटेत बोळांमध्ये लपलेल्या छोट्या बागा आहेत त्यातल्या एखाद्या बागेत पाणी पिऊ. (जुन्या एडिनबर्गच्या बोळांत बागा काढायचं खूळ ज्याचं, तो पॅट्रिक गेडिस १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत होता, पण तो विषय काढला तर पत्र संपायचं नाही.) राजवाड्याशी औषधी बाग, तिथे दोन तास. तिथे तीन भाग केलेत, एक जुन्या मठातल्या भिक्षूंच्या बागेच्या आठवणीचा, एक सदरलँडच्या बागेचा आणि एक रानफुलांचं कुरण. ज्येष्ठ मंडळींना बसता येतं, चढ नाही, आणि त्यांना मुलांपेक्षा जास्त झाडं ओळखता येतील ही माझी पैज. आमच्या घरात तसंच झालं.

दुसरं, आणि हे जरा नेटाने करा: बोटॅनिक्सच्या लायब्ररीला ग्रुपतर्फे मेल टाका की आम्ही पुण्या-मुंबईकडची तीस-पस्तीस माणसं आहोत आणि आम्हाला दापुरीची चित्रं बघायची आहेत, केव्हा आणि किती जण येऊ. एकट्यादुकट्याने विचारण्यापेक्षा ग्रुपने विचारलं तर बरं. मजकूर मी लिहून देतो. पेन, पाण्याच्या बाटल्या, चिवडा असलं काही आत चालणार नाही हे आधीच सगळ्यांना सांगा, विशेषतः चिवडा. गोव्याची आणि वसईची जी दोन-चार कुटुंबं ग्रुपमध्ये आहेत त्यांना पहिल्या तुकडीत घ्या. माझा नंबर शेवटी लागला तरी चालेल.

ज्यांना कॅसलच बघायचंय त्यांनी खुशाल जावं, दुपारी होलीरूडला भेटू. पाऊस आला तर? येणारच. छत्र्या आणा.

आणि तारीख ठरवताना जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला ठरवू नका प्लीज, तेव्हा राजघराणं राजवाड्यात मुक्कामाला असतं आणि त्या भागात काय काय बंद असेल सांगता येत नाही. ऑगस्टमध्ये फेस्टिव्हलची गर्दी. मला विचाराल तर मे. आई-बाबांचं तिकीट मेचंच काढतोय, बाबांनी आत्तापासून विचारून ठेवलंय की त्या चित्रांत दापोडीचा चाफा आहे का.

तुमचाच,
ग्रुपवर नेहमी उशिरा रिप्लाय देणारा